व्हीएम हलल्या, डेटा तिथेच राहिला: चार होस्टच्या व्हीसॅन क्लस्टरचे प्रकरण

"होस्ट १ रिकामा आहे, बंद करतोय." त्या शनिवारी संध्याकाळी मी फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यात काही चुकतेय असे मला जराही वाटले नव्हते. होस्ट म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रत्यक्ष सर्व्हर. समोरच्या स्क्रीनवर होस्ट १ च्या खाली एकही चालू व्हीएम दिसत नव्हती. सगळ्या व्हीएम व्हीमोशनने, म्हणजे चालू असतानाच, बाकीच्या तीन होस्टवर गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या होस्टच्या डिस्कवर क्लस्टरचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या या चार होस्टच्या गटाचा, जवळजवळ पाव डेटा होता तसाच पडून होता आणि तो पोटात घेऊनच होस्ट बंद होणार होता.

पुढच्या दोन तासांत आमच्या २३ व्हीएम अडकल्या. त्यातली एक बॅकअपमधून उभी करावी लागली. हे का झाले, आम्ही कुठे थांबलो, कुठे थांबायला हवे होते, हे सविस्तर लिहून ठेवतोय. असे क्लस्टर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात होस्टचे चित्र अजून जुन्या काळचेच असते आणि माझ्याही डोक्यात तेच होते.

क्लस्टर कसे होते

चार होस्ट, व्हीसॅन ६.७ (होस्टमधल्याच डिस्क जोडून सामाईक साठवण करणारी व्हीएमवेअरची प्रणाली), सगळ्या डिस्क फ्लॅश. प्रत्येक होस्टमध्ये दोन डिस्क ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक कॅश डिस्क व चार कपॅसिटी डिस्क. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणे) व कॉम्प्रेशन चालू. सगळ्या व्हीएमना एकच स्टोरेज पॉलिसी: एक बिघाड सोसायचा, मिररिंगने. नव्वदच्या आसपास व्हीएम, आणि व्हीसेंटरही (सगळे होस्ट सांभाळणारे सॉफ्टवेअर, तेही एक व्हीएमच) याच क्लस्टरच्या आत.

वेगळा स्टोरेज अ‍ॅरे (डिस्कचे स्वतंत्र यंत्र) असलेल्या जुन्या मांडणीत होस्ट म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी. व्हीएम दुसरीकडे हलवल्या की तो होस्ट कुणाच्याच कामाचा उरत नाही, खुशाल बंद करा. व्हीसॅनमध्ये तसे नाही. इथे प्रत्येक होस्ट स्वतःच अ‍ॅरेचा एक तुकडा असतो. व्हीएमची प्रत्येक डिस्क हे एक स्वतंत्र ऑब्जेक्ट. आमच्या पॉलिसीनुसार त्या ऑब्जेक्टच्या दोन प्रती दोन वेगळ्या होस्टवर आणि एक छोटासा विटनेस तिसऱ्या होस्टवर. या तिघांना कंपोनंट म्हणतात आणि तिघांना मते असतात. ऑब्जेक्ट चालू राहायला दोन गोष्टी लागतात: अर्ध्याहून जास्त मते आणि किमान एक पूर्ण, ताजी प्रत. 'ताजी' या शब्दाकडे आमचे कोणाचेच नीट लक्ष नव्हते.

शनिवारी काय करायचे होते

स्टोरेज कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड यांचे फर्मवेअर (त्यांच्या आतले सॉफ्टवेअर) चारही होस्टवर अद्ययावत करायचे होते. आधीच्या शनिवारी होस्ट ४ चे काम विनातक्रार पार पडले होते. त्याने आमचा आत्मविश्वास वाढवला, पण ते पार पडले यात आमच्या तयारीचा वाटा फार थोडा होता.

होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे कामासाठी बाजूला काढण्याच्या अवस्थेत, जाताना व्हीसॅन तीन पर्याय देते. 'फुल डेटा मायग्रेशन' म्हणजे त्या होस्टवरचे सगळे कंपोनंट दुसरीकडे नेऊन ठेवायचे. 'एन्शुअर अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणजे जे ऑब्जेक्ट या होस्टशिवाय बंदच पडतील तेवढ्यांचा डेटा हलवायचा, बाकीचे कमी सुरक्षेत का होईना चालू राहतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. 'नो डेटा मायग्रेशन' म्हणजे काहीच हलवायचे नाही. आम्ही मधला पर्याय घेतला. तोच आपोआप निवडलेला असतो आणि बहुतेक जण तोच घेतात.

पण खरे सांगायचे तर आमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हताच. क्लस्टर ७८ टक्के भरलेले होते. एक होस्ट पूर्ण रिकामा करायचा तर तोच डेटा तीन होस्टवर मावायला हवा. ७८ गुणिले ४ भागिले ३, उत्तर १०४ टक्के. क्लस्टर उभे करताना चौथा होस्ट घेतला होता तो याचसाठी, की एक बाहेर काढला तरी उरलेल्या तिघांत सगळे मावेल. पुढच्या दोन वर्षांत ती राखीव जागा 'मोकळी आहे तर वापरा' म्हणत हळूहळू भरत गेली. त्यातल्या बऱ्याच मागण्यांना मंजुरी मीच दिली होती. त्या शनिवारची सुरुवात माझ्या लेखी तिथे झाली.

आणखी एक निर्णय त्याच दुपारी घेतला. एखादा होस्ट नाहीसा झाला की व्हीसॅन त्याच्यावरच्या कंपोनंटना 'अ‍ॅबसेंट' म्हणते आणि ६० मिनिटे थांबते. तेवढ्यात तो परतला तर फक्त मधल्या काळात बदललेला भाग त्याच्यावर उतरवते. नाही परतला तर उरलेल्या होस्टवर जागा शोधून नवी प्रत बांधायला घेते. आमचा अंदाज दीड तासाचा होता, म्हणून उगाच टेराबाइटभर कॉपी सुरू होऊ नये यासाठी हा टायमर आम्ही २४० मिनिटांवर नेला. असे करणे चूक आहे असे नाही, मोठ्या कामाआधी तसा सल्लाही दिला जातो. पण टायमर वाढवणे म्हणजे 'एवढा वेळ मी एकाच प्रतीवर राहायला तयार आहे' असे सही करून देणे. ती सही आपण करतोय हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

एक तास पन्नास मिनिटांनी

सहा वाजून दहा मिनिटांनी होस्ट १ मेंटेनन्स मोडमध्ये गेला. कंट्रोलरचे फर्मवेअर पहिल्या प्रयत्नात बसले नाही, पुन्हा करावे लागले. त्यानंतरच्या बूटमध्ये व्हीसॅन डिस्क इनिशियलाइझ करतेय असा संदेश येऊन स्क्रीन बराच वेळ तिथेच थांबली. हे नेहमीचेच आहे. कॅश डिस्कवरच्या नोंदी वाचून व्हीसॅन आपली माहिती पुन्हा जुळवत असते. अशा वेळी होस्ट अडकला असे समजून पॉवर बटणाला हात लावायचा नसतो, आम्ही लावलाही नाही.

आठला होस्ट २ मधली एक कपॅसिटी डिस्क गेली.

एक डिस्क, चारातली. डीडुप्लिकेशन नसते तर त्या एका डिस्कवरचे कंपोनंटच गेले असते. पण डीडुप्लिकेशन चालू असले की ग्रुपमधला डेटा सगळ्या कपॅसिटी डिस्कवर मिळून पसरलेला असतो, त्यामुळे एक डिस्क गेली की अख्खा डिस्क ग्रुप जातो. म्हणजे होस्ट १ बाहेर, होस्ट २ अर्धा बाहेर.

नेमकी हीच डिस्क नेमकी याच वेळी का गेली? दाट शक्यता अशी की ती आधीपासूनच दुबळी होती. मिररिंगमध्ये वाचनाचा भार दोन्ही प्रतींवर वाटला जातो. एक होस्ट गेला की त्याच्या वाट्याचे वाचन उरलेल्या प्रतीवर येते, आणि वाचायला सुरुवात झाली की खराब जागा उघड्या पडतात. नंतर सर्व्हरच्या हार्डवेअर लॉगमध्ये पाहिले तेव्हा त्या डिस्कच्या मीडिया एररच्या नोंदी अकरा दिवसांपासून दिसत होत्या. व्हीसॅनचे हेल्थ पान त्या दिवशी सकाळी हिरवेगार होते आणि आम्ही तेवढेच पाहिले होते.

पहिली लक्षणे व्हीएममधून आली. दोन लिनक्स सर्व्हरच्या फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झाल्या. विंडोजचा एक सर्व्हर पिंगला उत्तर देत होता, पण लॉगइन घेत नव्हता. एचए (हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी) चालू होते, तरी त्याचा उपयोग शून्य. एचए व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवू शकते, पण व्हीएमची डिस्कच उपलब्ध नसेल तर ती कुठेही उठणार नाही. आणि तेवढ्यात व्हीसेंटरचे पान बंद पडले. त्या आवृत्तीत व्हीसेंटरच्या व्हीएमला डझनभराच्या आसपास व्हर्च्युअल डिस्क असतात आणि प्रत्येक डिस्क हे वेगळे ऑब्जेक्ट. त्यातले एक जरी नको त्या जागी सापडले तरी संपले.

व्हीसेंटर नसले तरी व्हीसॅन स्वतः चालत राहते, होस्ट आपापसात बोलत असतात. हे माहीत असणे आणि अंधारात त्यावर विसंबून काम करणे यांत मात्र फरक आहे. प्रत्येक होस्टवर थेट एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगइन करून, कमांड लाइनवरून ऑब्जेक्टची यादी काढायला लागलो.

"रीबूट करून बघू का?"

माझा तरुण सहकारी होस्ट २ च्या कन्सोलवर होता. "सर, डिस्क ग्रुप कधी कधी रीबूटनंतर माउंट होतो. होस्ट २ एकदा रीबूट करून बघू का?"

"थांब. आधी त्याच्या दुसऱ्या ग्रुपवर काय काय आहे ते बघ."

त्या दुसऱ्या, धडधाकट ग्रुपवर बरेच कंपोनंट होते. त्यांतल्या कितीतरी ऑब्जेक्टची जोडीची प्रत होस्ट १ वर होती, म्हणजे त्या क्षणी ते होस्ट २ च्या भरवशावरच जिवंत होते. होस्ट २ रीबूटला टाकला असता तर २३ ऐवजी निम्म्याहून जास्त व्हीएम बंद पडल्या असत्या. शिवाय होस्ट २ वर चालू असलेल्या व्हीएम हलवायला व्हीसेंटर नव्हते. सहकाऱ्याचा तर्क एरवी बरोबर होता. पण एक होस्ट आधीच बाहेर असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. त्या रात्री आम्ही जे काही बरोबर केले त्यात हे सर्वांत वर येते.

मग कागदावर चार होस्ट काढून यादीतले ऑब्जेक्ट वर्गवारीने लावले. या प्रकरणाचा गाभा मला इथेच सापडला.

गेलेल्या डिस्क ग्रुपवर ज्यांचे कंपोनंट होते अशा ऑब्जेक्टचे तीन प्रकार निघाले. पहिल्या प्रकारात होस्ट १ चा संबंधच नव्हता: प्रती २ व ३ वर, विटनेस ४ वर. यांचे एकच मत गेले, ते चालू होते. डिस्क कायमची गेली तर व्हीसॅन कंपोनंटना 'डिग्रेडेड' म्हणते आणि त्यासाठी टायमरची वाट पाहत नाही, त्यामुळे यांची नवी प्रत बांधणे लगेच सुरूही झाले होते.

दुसऱ्या प्रकारात होस्ट १ वर आणि गेलेल्या ग्रुपवर मिळून दोन मते होती, पण ताजी प्रत तिसरीकडे शाबूत होती. उदाहरणार्थ प्रती २ व ३ वर आणि विटनेस १ वर. किंवा प्रती १ व ३ वर आणि विटनेस २ वर. डेटा होस्ट ३ वर अगदी अद्ययावत होता, फक्त तीनपैकी एकच मत हाताशी असल्याने ऑब्जेक्ट थांबले होते. अडकलेल्या व्हीएमपैकी बहुतेक यात मोडत होत्या, व्हीसेंटरही. यांचे औषध एकच: होस्ट १ लवकर परत आणा.

तिसरा प्रकार खरा जिवावरचा. प्रती १ व २ वर, विटनेस ३ किंवा ४ वर. इथे होस्ट १ परतला की मते दोन होतात, बहुमत जमते. तरीही ऑब्जेक्ट उघडत नाही, आणि उघडूही नये. होस्ट १ वरची प्रत सहा वाजून दहा मिनिटांची होती. त्यानंतरचे एक तास पन्नास मिनिटांचे सगळे लेखन फक्त होस्ट २ वरच्या प्रतीत झाले होते. विटनेसकडे डेटा नसतो, पण कुठली प्रत पुढे गेली आहे याची नोंद असते, म्हणून तो जुनी प्रत ताजी म्हणून पुढे येऊ देत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने तो उपकारच आहे. लॉग डिस्क आताची आणि डेटा डिस्क दोन तासांपूर्वीची, अशा जोडीवर सर्व्हर सुरू झाला असता तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

या तिसऱ्या प्रकारात चार व्हीएमचे सहा ऑब्जेक्ट होते.

परतीचा क्रम

आठ वाजून पस्तीस मिनिटांनी होस्ट १ चालू झाला, पण मेंटेनन्स मोडमध्येच. त्या मोडमध्ये असेपर्यंत होस्टची साठवण क्लस्टरमध्ये धरली जात नाही, हे गडबडीत विसरायला होते. कमांड लाइनवरून त्याला बाहेर काढले. काही मिनिटांत दुसऱ्या प्रकारातले ऑब्जेक्ट एकेक करून उघडू लागले. व्हीसेंटर रीसेट करून उठवले आणि पुन्हा चित्र दिसायला लागले. १९ व्हीएम त्या रात्रीच सुरू झाल्या. काहींच्या फाइल सिस्टीम तपासाव्या लागल्या.

नंतरचे तीन तास आम्ही काहीही केले नाही आणि ते फार कठीण गेले. तिसऱ्या प्रकारातल्या व्हीएमचे लोक फोन करत होते, होस्ट २ समोर होता आणि आता त्याला रीबूट करता आले असते असे वाटत होते. पण होस्ट १ वर मधल्या काळातला बदल उतरवणे चालूच होते. ते पूर्ण होईपर्यंत होस्ट १ वरची प्रत जुनीच. रिसिंकचा, म्हणजे हा बदल उतरवण्याच्या कामाचा, बाकी आकडा शून्यावर येईपर्यंत होस्ट २ ला हात लावायचा नाही असे ठरवले होते आणि ते पाळले. या काळात दुसरी चिंता जागेची होती. पहिल्या प्रकारातल्या प्रती उरलेल्या होस्टवर बांधल्या जात होत्या आणि काही डिस्क ९० टक्क्यांपर्यंत चढल्या. दोन जुन्या चाचणी व्हीएम काढून टाकल्या, तेवढाच श्वास मिळाला.

मध्यरात्रीनंतर आकडा शून्य झाला. होस्ट २ वरच्या व्हीएम हलवल्या, त्याला मेंटेनन्स मोडमध्ये घेतले आणि रीबूट केले. डिस्क ग्रुप माउंट झाला. सहाही ऑब्जेक्ट उघडले आणि होस्ट १ वरच्या जुन्या प्रती ताज्या होऊ लागल्या. मरू घातलेल्या डिस्कवरून वाचून. चार पूर्ण झाले, मग पाचवाही झाला. सहाव्या ऑब्जेक्टच्या ठरावीक भागाशी येऊन वाचन पुन्हा पुन्हा फसले आणि ग्रुप पुन्हा बंद पडला. ती व्हीएम शुक्रवारी रात्रीच्या बॅकअपमधून उभी केली. शनिवारचे तिचे काम गेले. त्या विभागाच्या लोकांनी ते पुन्हा भरले, तक्रारीचा शब्द न काढता, आणि त्याचे मला आजही ओझे वाटते.

नंतर काय बदलले

सगळ्यात आधी जागा. एक होस्ट पूर्ण रिकामा करून उरलेल्या तिघांची पातळी ८० टक्क्यांच्या आत ठेवायची, तर एरवी क्लस्टर ६० टक्क्यांवर थांबले पाहिजे, कारण ६० गुणिले ४ भागिले ३ म्हणजे बरोबर ८०. ऐंशीच का, तर कपॅसिटी डिस्क ८० टक्क्यांवर गेली की व्हीसॅन स्वतःहून डेटा इकडेतिकडे सरकवू लागते, आणि मेंटेनन्सच्या मध्येच ते काम अंगावर घ्यायचे नसते. ७८ वरून ६० वर येणे नुसत्या साफसफाईने होण्यासारखे नव्हते. पाचवा होस्ट मागितला. मागणीपत्रात मी १०४ टक्क्यांचे ते गणित तेवढे लिहिले आणि मंजुरी मिळाली.

पाच होस्ट झाल्यावर आणखी एक दार उघडले. मिररिंगने दोन बिघाड सोसायचे तर तीन प्रती लागतात आणि त्यासाठी किमान पाच होस्ट लागतात. जागा तिप्पट जाते, म्हणून सगळ्यांना ते दिले नाही. व्हीसेंटर, डेटाबेस आणि त्या रात्री तिसऱ्या प्रकारात सापडलेल्या व्हीएम एवढ्यांनाच दिले. रेड-६ मध्ये (पूर्ण प्रतींऐवजी, डेटा परत काढता येईल एवढीच जादा माहिती साठवण्याच्या पद्धतीत) हेच दीडपट जागेत होते, पण त्याला सहा होस्ट हवेत.

मेंटेनन्सचा पर्याय आता कामाच्या लांबीवर ठरतो. साध्या रीबूटला 'एन्शुअर अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालते. फर्मवेअर, डिस्क बदल किंवा ज्याचा अंदाज चुकू शकतो असे काहीही असेल तर 'फुल डेटा मायग्रेशन', कितीही तास लागोत. टायमर वाढवायचा झाला तर किती वेळ आपण एकाच प्रतीवर आहोत हे कामाच्या नोंदीत लिहायचे आणि दुसऱ्या माणसाने ते वाचायचे. होस्ट बाहेर काढण्याआधी सगळे ऑब्जेक्ट निरोगी आहेत ना, रिसिंक शून्य आहे ना हे पाहतोच, पण आता सर्व होस्टचे हार्डवेअर लॉगही पाहतो, खासकरून जे होस्ट मागे राहून भार उचलणार आहेत त्यांचे. आधी आम्ही फक्त बंद होणाऱ्या होस्टची तपासणी करायचो. ते अगदी उलटे होते.

व्हीसॅन ७.० अपडेट १ पासून मेंटेनन्सच्या काळातले नवे लेखन तात्पुरत्या जादा कंपोनंटमध्ये आणखी एका ठिकाणीही नोंदले जाते. परतलेली जुनी प्रत त्या नोंदीवरून ताजी करता येते. तिसऱ्या प्रकारावर थेट बेतलेला हा उपाय आहे आणि आम्ही त्या आवृत्तीवर गेलो त्याचे मुख्य कारण तेच होते. त्यासाठीसुद्धा ती नोंद ठेवायला एखादा मोकळा होस्ट लागतो. तीनच होस्टच्या क्लस्टरमध्ये तिला जागाच उरत नाही.

होस्ट २ चा डिस्क ग्रुप पूर्ण काढून नव्याने बांधला, कारण डीडुप्लिकेशन असताना ग्रुपमधून एकटी डिस्क बाजूला काढता येत नाही. होस्ट ३ चे फर्मवेअर मात्र तसेच राहिले होते. पाचवा होस्ट आल्यावर ते केले, 'फुल डेटा मायग्रेशन' निवडून. आधीच्या चाचणीत व्हीसॅनने सांगितले की सगळे मावेल. डेटा हलायला नऊ तास लागले, प्रत्यक्ष फर्मवेअरला पन्नास मिनिटे. सहकाऱ्याने मेंटेनन्स मोड पूर्ण झाल्यावर होस्टखालच्या व्हीएमची यादी उघडली नाही, डिस्क ग्रुपचे पान उघडले. वापर जवळजवळ शून्य, कंपोनंट शून्य. "सर, आता रिकामा आहे," तो म्हणाला, आणि मग बंद केला.